पाठीवरचा तारा

फ्रीडाबाई माणसाकडे आधी मागून बघायच्या. कुणी त्यांच्या पुढून चालत गेलं की मान किंचित तिरकी करून खांद्यांची शिवण, कॉलर मानेवर बसली आहे की वर उचलली गेली आहे, खालचा काप सरळ पडतो का, एवढं त्या पाहून घेत. मग माणूस वळलाच तर त्याच्या तोंडाकडे. लीड्समधल्या एका कोटांच्या कारखान्यात त्यांनी तीसेक वर्षं तयार माल तपासायचं काम केलं होतं. समोर कोट टांगलेला, हातात चपटा खडू, आणि चूक दिसली की तिथे एक रेघ. रेघ दिसली की कोट परत शिवणाऱ्याकडे. पुढची बाजू सगळेच नीट करतात, त्या म्हणत, कारण गिऱ्हाईक आरशात पुढची बाजूच बघतं.

आमची ओळखही मागूनच झाली. मी नागपूरहून येऊन इथल्या हॉस्पिटलात कामाला लागले त्याला तेव्हा तीन हिवाळे झाले होते. शेजारच्या घरात एक म्हातारी राहते एवढंच ठाऊक होतं. एका सकाळी बसस्टॉपवर कुणीतरी मागून माझ्या कोटाला हात घातला. मी वळायला गेले तर आवाज आला, हलू नकोस. पर्समधून छोटी कात्री काढून बाईंनी माझ्या कोटाच्या मागच्या कापावरचा फुलीसारखा टाका कापला आणि तो धागा माझ्या तळहातावर ठेवला. नवा कोट दुकानात नीट लटकावा म्हणून तो टाका घालतात. घरी आणला की काढायचा असतो. मी तीन हिवाळे तो मिरवत होते. आपल्याकडे कोटाची सवय कुणाला, मला वाटलं डिझाइनच आहे.

"तीन वर्षं मी तुला खिडकीतून बघतेय," त्या म्हणाल्या. "या देशात एक गोष्ट शिकले, परक्या माणसाला हात लावायचा नाही. पण आता मी नव्वदची झाले. मला पोलीस काय करणार?"

तेव्हापासून त्या मला नीला म्हणायला लागल्या आणि मी त्यांना फ्रीडा. इथे आजीच्या वयाच्या बाईलाही नावानेच हाक मारतात. पण मनात आणि घरात मी त्यांना फ्रीडाबाईच म्हणत आले, आणि इथेही तसंच लिहिते. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं.

अंगाने लहान, पाठ वाकलेली, हात मात्र शिंप्याचे, शेवटपर्यंत न थरथरणारे. नवरा कारखान्यात इस्त्रीकाम करायचा, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये वर्षातून दोनदा जायच्या. देवाशी आपलं बोलणं नाही, पण तिथली माणसं ओळखीची आहेत, असं त्यांचं म्हणणं. चहा काचेच्या ग्लासात, बिनदुधाचा. माझा दुधाचा उकळलेला चहा त्यांनी एकदाच घेतला आणि सांगितलं की हे जेवण आहे, पेय नाही.

माझं काम म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन न्हाणीघरात दांडा कुठे बसवायचा, जिन्याला दुसरा कठडा हवा का, हे ठरवण्याचं. शेजारीण पडायच्या आधी आपणच बघावं म्हणून मी त्यांच्या न्हाणीघरातला दांडा एका रविवारी स्वतः ड्रिल घेऊन बसवला. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. झाल्यावर आत गेल्या आणि खडू आणून दांड्याच्या डाव्या टोकाखाली भिंतीवर एक रेघ मारली. मी पाणसळ लावून पाहिली. पाव इंच खाली होता. काढून पुन्हा बसवला. एखाद्या कामाचं कौतुक करायची त्यांची पद्धत म्हणजे रेघ न मारणं.

गुरुवारी माझी अर्धी सुट्टी असायची. दुपारी मी त्यांच्याकडे जायचे. मुक्ता, माझी मुलगी, शाळेतून थेट तिथेच यायची. माझ्या साडीच्या ब्लाउजचा उसवलेला हुक बघून त्यांनी तो उलटा केला, आतली दोन बोटं सोडलेली माया बोटाने मोजली आणि विचारलं, एवढं कापड आत का ठेवलंय. म्हटलं, बाई जाड होते, मग उसवून मोठा करता येतो. त्यांना ते फार आवडलं. म्हणाल्या, तुमच्याकडचा शिंपी माणसाला ओळखतो. इथला माणसाला उपाशी ठेवतो.

त्यांच्या बहिणीचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते टीव्हीमुळे. युद्धावरची एक मालिका चालू होती. पोलंडच्या जंगलात लपून जर्मनांशी लढणारे ज्यू तरुण-तरुणी, सगळ्यांच्या खांद्यावर बंदुका, सगळे दिसायला चांगले. मुक्ता डोळे मोठे करून बघत होती. फ्रीडाबाई आवाज बंद करून फक्त चित्र बघत होत्या.

"दोन वर्षं जंगलात आहेत," त्या म्हणाल्या, "आणि कॉलर बघ. बंदूक सगळ्यांकडे आहे, उवा कुणाकडेच नाहीत."

मग सहज बोलावं तसं म्हणाल्या की त्या स्वतः अशा जंगलात सव्वा वर्ष होत्या. बंदुकीला त्यांनी हातही लावला नाही. मेलेल्या सैनिकांचे कोट उसवून जिवंत माणसांच्या मापाचे करायचे हे त्यांचं काम. चौदा वर्षांच्या होत्या. मुक्ताने मला तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "आई, ती खरं बोलतोय?" मी म्हटलं, खरंच असणार. तिने लगेच इंग्रजीत विचारलं, तुमच्या घरचं कुणी लढलं का. फ्रीडाबाई म्हणाल्या, बहीण. रिव्का. आणि टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू केला.

त्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीला मी त्यांना घेऊन गेले. शाळेच्या हॉलमध्ये मुलांचं ऐतिहासिक नाटुकलं होतं. पुठ्ठ्याच्या तलवारी, चिकटवलेल्या मिशा, दोन-दोन वाक्यांचे संवाद, तेही अर्धे विसरलेले. लढाई जोरात झाली, पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांनी पण वाजवल्या, मग कानाशी येऊन विचारलं की या सगळ्यात घोड्यांना दाणा कोण घालत होतं, आणि तुटलेले पट्टे कोण शिवत होतं. मी म्हटलं, ते दाखवत नाहीत. कधीच नाही? कधीच नाही. त्यांनी मान हलवली. जगातले सगळे लोक एकाच शाळेत शिकलेत, म्हणाल्या.

पुढे ऑलिव्हर आला. पस्तिशीचा नाटककार, बोलायला मऊ, येताना नेहमी चांगल्या बेकरीतला केक आणणारा. सिनेगॉगमधल्या कुणीतरी त्याला फ्रीडाबाईंचं नाव सांगितलं होतं. त्याची आजी ज्यू. लहानपणी शाळेत त्याला कुणीतरी म्हटलं होतं की तुमचे लोक एवढे मारले गेले, पण एकानेही हात उचलला नाही. ते त्याच्या मनात रुतून बसलं होतं. त्याला अशा एका मुलीवर नाटक लिहायचं होतं जिने हात उचलला. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते.

तो तीन वेळा आला, आणि फ्रीडाबाईंनी तिन्ही वेळा त्याला कारखान्याच्या गोष्टी सांगितल्या. चौथ्या वेळी, गुरुवारी, मी स्वयंपाकघरात चहा करत असताना त्यांनी मला हाक मारून बाहेरच्या खोलीत येऊन बसायला सांगितलं. ऑलिव्हरचा फोन टेबलावर रेकॉर्डिंगला लावलेला होता. त्यांनी तो स्वतःच्या जवळ ओढला.

त्यांचं गाव पोलंडच्या पूर्वेला. जर्मन आल्यावर तिथल्या ज्यूंना गावाच्या एका कोपऱ्यात कुंपण घालून कोंडलं. हुकूम असा की प्रत्येकाने पिवळा तारा लावायचा, एक छातीवर आणि एक पाठीवर, तोही सगळ्या कडांनी पक्का शिवलेला. सैल दिसला तर मार. वडील शिंपी. जर्मन अधिकाऱ्यांचे कोट शिवत, म्हणून घर अजून शिल्लक होतं. आईला आदल्या वर्षी नेलेलं. रिव्का एकोणीस वर्षांची, केस फिकट, पोलिश बोलणं स्वच्छ. तारे काढले की ती बाहेरच्या गावातली मुलगी म्हणून खपत असे. कुंपणाच्या आत काही तरुण गुपचूप जंगलात निसटायची तयारी करत होते. त्यांच्यासाठी ती निरोप आणि कोरी ओळखपत्रं कोटाच्या आस्तरात घालून पोचवायची. दोनदा एका पोलिश बाईचा कोट घालून जाऊन आली. तिसऱ्या वेळी ती बाई घाबरली, कोट मिळाला नाही. मग रिव्काचा स्वतःचा निळा कोट. दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे रोज घातलेला.

वडील तापाने पडले होते, म्हणून तारे उसवायचं काम फ्रीडाकडे आलं. तेरा वर्षांची पोर, पण हात तयार. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, त्यामुळे भर सकाळी आत कंदील. तिने एकेक टाका उसवला, दोऱ्याचे तुकडे चिमट्याने वेचले, ओलं फडकं ठेवून इस्त्रीची वाफ दिली, सुईची भोकं मिटवली. छातीवर कापड जरा गडद वाटलं, तिथे रिव्काने गळ्यातल्या रुमालाचं टोक सोडलं. पाठीवर फ्रीडाने बोट फिरवून पाहिलं. गुळगुळीत लागलं. तिने कोट बहिणीच्या अंगावर चढवला.

"कंदिलाच्या उजेडात निळा रंग कळत नाही," फ्रीडाबाई म्हणाल्या. "निळा असेल तर दारात नेऊन उजेडात बघायचा. माझ्या वडिलांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. सुई धरायच्या आधी शिकवलेली."

बाहेर ऊन होतं. फ्रीडा माळ्यावर चढून छपराच्या फटीतून बघत होती. रिव्का कुंपणातून निसटली, गल्लीतून बाजाराच्या चौकात गेली, आणि उन्हात आली. तिच्या पाठीवर तारा होता. सगळा कोट उन्हापावसाने विटलेला, आणि ताऱ्याखालचं कापड जसं विकत घेतलं तसं गर्द निळं.

"सहाही टोकं दिसत होती. मी फार सफाईने उसवलं होतं ना."

हाक मारता येत नव्हती. हाक मारली तर चौकातले सगळे वळून बघणार. रिव्का संथ चालत होती, घाई नसलेल्या माणसासारखी, जसं चालायचं ठरलं होतं तसंच. चौक अर्धा पार होईपर्यंत एका बाईने दुसरीला कोपराने खुणावलं. पाण्याच्या पंपाजवळ दोन पोलीस उभे होते.

तिला मारण्याआधी तीन दिवस ठेवलं होतं. त्या तीन दिवसांत त्या तरुणांपैकी एकाच्याही घरी कुणी आलं नाही. यावरून कळलं की तिने कुणाचंच नाव सांगितलं नव्हतं. तिसऱ्या रात्री ते सगळे जंगलात गेले आणि रिव्काची बहीण म्हणून फ्रीडाला घेऊन गेले. वडिलांना उठता येत नव्हतं. ते मागे राहिले.

ऑलिव्हर रडत होता. त्याने त्यांचा हात धरला आणि म्हणाला, तुम्ही लहान होता, यात तुमचा काही दोष नाही. फ्रीडाबाईंनी हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही तेच म्हणाले. तेरा वर्षांच्या होता तुम्ही.

"हे मला सगळे सांगतील, म्हणून तर ऐंशी वर्षं बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मला समजूत नकोय. चूक कुणाची होती ते सांगा, आणि ती तीन दिवस गप्प राहिली ते सांगा. दोन्ही सांगा. तिला लोकांनी आठवायचं असेल तर तिला आठवू दे, दुसऱ्या कुणाला नको."

नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, हे त्यांनी नंतर मला कपबशा पुसताना सांगितलं. तो इस्त्रीवाला होता. त्याने लगेच विचारलं असतं, उजेडात का नाही नेलास.

आठ महिन्यांनी नाटकाची संहिता आली. मी त्यांना वाचून दाखवली. रिव्का तीच, गाव तेच, कोटही निळा. शेवटच्या प्रवेशात पुलावर तिला दोन सैनिक अडवतात. ती छातीवरचा तारा उपटून त्यांच्या तोंडावर फेकते, कोटातून पिस्तूल काढते, दोघांना मारते आणि मग पडते. मी वाचायची थांबले. फ्रीडाबाईंनी विचारलं, बहीण कुठे आहे. म्हटलं, बहीण नाही. नाटकात रिव्का एकटीच आहे.

ऑलिव्हर समजावायला आला. त्याने दोन वेळा दुसरा शेवट लिहून पाहिला होता, खोटं बोलत नव्हता, मला पानं दाखवली. पण एक माणूस एका खोलीत तीन दिवस गप्प आहे, हे रंगमंचावर दाखवता येत नाही, असं त्याचं म्हणणं. कापडाचा रंग तर दहाव्या रांगेपलीकडे दिसतच नाही. आणि लोकांना कळायला हवं की ती लढली.

"ती लढलीच," फ्रीडाबाई म्हणाल्या. "तुझ्या पिस्तुलाशिवाय."

तालमीला आम्हाला बोलावलं. कपडेपटाची बाई हुशार होती, कोट खरंच चांगला कापलेला. फ्रीडाबाईंनी तो उलटा केला, आस्तर बघितलं, खांदा दाबून पाहिला, मग पाठ बघितली. पाठीवर तारा नव्हता. बाई म्हणाली, एकच ठेवलाय, दोन असले की प्रेक्षक गोंधळतात, आणि पोस्टरवर पुढूनच दिसतो. छातीवरचा टिचबटणांनी लावलेला होता, म्हणजे एका झटक्यात उपटता येतो. फ्रीडाबाई म्हणाल्या, द्या, मी दोन्ही शिवून देते, रोज उसवून रोज शिवेन, मला दुसरं काम नाही. बाई हसली. तिला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. फ्रीडाबाईंनी पर्समधून खडू काढला, पोशाखाच्या पाठीवर जिथे तारा असायला हवा होता तिथे मधोमध एक रेघ मारली आणि कोट परत टांगला. आम्ही निघालो तेव्हा ती बाई ब्रशने रेघ झटकत होती.

नाटक बदलणार नाही हे पटल्यावर त्यांनी एकच मागितलं. नाटकाबरोबर जी माहितीपुस्तिका विकतात त्यात एक पान. त्यांचं इंग्रजी बोलणं पक्कं, लिहिणं नाही, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. चार गुरुवार लागले. कुठे एखादं विशेषण आलं की त्या ते काढायला लावत. मी "गरीब बिचारी रिव्का" असं काही लिहिलं नव्हतं, पण "शूर" लिहिलं होतं. तेही काढलं. म्हणाल्या, काय केलं ते लिही, काय होती ते लोक ठरवतील. पान पूर्ण झालं. ऑलिव्हरने ते घेतलं, छान आहे म्हणाला.

पुस्तिका छापून आली तेव्हा शेवटच्या पानावर आभारांच्या यादीत एक ओळ होती. युद्धकाळातल्या शिवणकामाविषयी माहिती दिल्याबद्दल फ्रीडा यांचे आभार. मी ऑलिव्हरला फोन केला, आणि मी फोनवर गोड बोलत नाही. तो म्हणाला, पुस्तिका लोक नाटकाआधी वाचतात. शेवट खरा नाही असं आधीच छापून कसं द्यायचं? पण रविवारच्या दुपारच्या प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा ठेवल्या आहेत, त्यात फ्रीडा यांना जे बोलायचं ते त्यांनी बोलावं, कुणी अडवणार नाही.

फ्रीडाबाईंनी ते मान्य केलं. माझ्याकडून ते पान मोठ्या अक्षरात प्रिंट करून घेतलं. गुरुवारी माझ्यासमोर उभं राहून वाचून दाखवलं, घड्याळ लावून. साडेचार मिनिटं. सहाशे माणसं ऐकतील, त्यांतली दहा लक्षात ठेवतील, म्हणाल्या, दहा पुरेत. मी त्यांना इतकं उत्साहात कधी पाहिलं नव्हतं. केस कापून आल्या होत्या.

रविवारी नाटक झालं. पुलावर बर्फ पडला, तारा उपटला गेला, दोन गोळ्या सुटल्या, दोन सैनिक कोसळले. माझ्या मागच्या रांगेतला एक माणूस हळूच "येस" म्हणाला. रिव्का प्रेक्षकांकडे तोंड करून पडली. लोक उभे राहिले. फ्रीडाबाई बसून होत्या, पर्स मांडीवर, पर्समध्ये कागद.

मग रंगमंचावर खुर्च्या मांडल्या. ऑलिव्हरने ओळख करून दिली की ही रिव्काची सख्खी बहीण, आणि सगळं सभागृह पुन्हा उभं राहिलं. टाळ्या थांबेपर्यंत त्या थांबल्या. कागद उलगडला, चष्मा लावला. म्हणाल्या, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तेवढ्यात पहिल्या रांगेत एका मुलीने हात वर केला. बारा-तेरा वर्षांची असेल. ऑलिव्हर थांब म्हणत होता, पण फ्रीडाबाईंनी तिला मानेने बोल म्हटलं.

मुलगी उभी राहिली. आवाज बारीक, पण नीट ऐकू येत होता. तिने सांगितलं की ती ज्यू शाळेत जाते. त्यांच्या ब्लेझरवर शाळेचा बिल्ला आहे. बसमध्ये कुणाला दिसू नये म्हणून हल्ली त्यांना वरून दुसरं जॅकेट घालायला सांगितलंय. उन्हाळ्यातसुद्धा. मग तिने विचारलं, "रिव्काने खरंच त्या दोघांना मारलं का?"

फ्रीडाबाईंनी कागदाकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. मी चौथ्या रांगेत होते. मला वाटलं, आता वाचतील.

"हो," त्या म्हणाल्या. "दोघांना."

मुलीने विचारलं, तिला भीती नाही वाटली?

"नाही. अजिबात नाही."

आणि त्या सांगत गेल्या. पुलाच्या कोणत्या टोकाला पहिला पडला, दुसरा कसा पळायला निघाला, पिस्तूल कुणी कुठून आणून दिलं. एकही शब्द अडखळला नाही. नाटकात नव्हतं तेही त्यांनी घातलं. ऑलिव्हर खाली मान घालून बसला होता. मुलगी बसली तेव्हा तिच्या शेजारच्या बाईने तिला जवळ घेतलं. कागद फ्रीडाबाईंच्या मांडीवर उघडाच होता.

गाडी रिंग रोडला लागली. मग सिग्नलला म्हटलं, तुम्ही सांगणार होता.

"होते."

सिग्नल सुटला. पुढच्या सिग्नलला त्या म्हणाल्या, "त्या मुलीला मी काय सांगू, नीला? की नीट झाकलं नाही तर दिसतं?"

त्यानंतर पाच आठवड्यांनी त्या गेल्या, झोपेत. स्थानिक पेपरात बातमी आली, मथळ्यात रिव्का आणि पिस्तूल. दफनाच्या वेळी रब्बींनी पुलावरचे दोन सैनिक सांगितले. तरुण होते, मनापासून बोलले. मी तिथे होते आणि काही बोलले नाही. ऑलिव्हरही होता. आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळलं. नाटक आता लंडनला गेलंय, आणि त्यावर सिनेमा होणार असं मुक्ता सांगते.

मला त्या आठवतात त्या रविवारच्या. गाडी दारात लावून मी त्यांना उतरवलं. हात धरू दिला नाही. फाटकातून आत गेल्या आणि घराच्या दाराशी न जाता भिंतीलगतच्या कौन्सिलच्या रद्दीच्या हिरव्या बिनपाशी थांबल्या. पर्समधून कागद काढला, चार तुकडे केले. रद्दीतच जातो ना तो, प्लॅस्टिक नाही ना काही त्याला, असं मला तिथूनच विचारलं. मी म्हटलं, रद्दीतच. त्यांनी झाकण उचललं, तुकडे टाकले, झाकण बसलं का ते दाबून पाहिलं. मग आत गेल्या आणि दार लावलं.

आमच्या कॉम्प्युटरवर ते पान अजून असेल असं मला तेव्हा वाटलं होतं. नव्हतं. मोठ्या अक्षरांचं करताना मी जुनी फाइल पुसून नवी केली होती आणि प्रिंट झाल्यावर ती साठवली नव्हती. हे मला त्या गेल्यावर कळलं, आणि ऑलिव्हरकडची प्रत मी मागितली नाही. पण त्या संध्याकाळी तुकडे तिथेच होते, माझ्यापासून दहा पावलांवर, आणि कचऱ्याची गाडी सकाळी सातला यायची होती. मी घरात गेले आणि कुकर लावला.